कुंडातून बाळ कुणी घेतलं

प्रिय थेक्ला,

मठात जायचं खूळ आधी डोक्यातून काढ. आणि मध्ये बोलू नकोस. कालपासून तू बोलतेयस आणि मी ऐकतेय. कडी लावून रडलीस, तेही मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. आता माझी पाळी. म्हणे, "आई, मी गेले की पाप मिटेल, त्यांचं राज्य तरी राहील." कसलं राज्य? अगं, तुझा हात धरला म्हणून माझा निकेतास सम्राट झाला. एरवी सेनापतीच होता, सरहद्दीवर घोड्यांच्या शेजारी झोपणारा. तू गेलीस तर दुसऱ्या दिवशी सम्राटाचे ते लाल बूट भिरकावून तो गावी येईल. मग त्याचं तोंड बघत कुणी बसायचं? मी?

खरं सांगू? तुमचं लग्न झाल्यापासून मी सुखात आहे. आधी घाबरले होते, नाही म्हणत नाही. आमच्याकडच्या बायकांनी तर नुसता उच्छाद मांडला होता. "सोफ्रोनिया, लेकाला घरजावई केलास गं! आणि तोही राजवाड्यात! तिथले जावई अंथरुणात मरत नाहीत." या शहरात विधवा सम्राज्ञीशी लग्न केलेल्या माणसाच्या जेवणात काय पडतं आणि पाठीत काय घुसतं, हे आम्हाला डोंगरातसुद्धा माहीत असतं. म्हणून पहिले काही दिवस मी त्याच्या ताटातलं आधी स्वतः खाऊन बघायचे. तू बघितलंस आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या आधी तूच खायला लागलीस. त्या दिवशी माझी भीती गेली. मग बघत गेले. त्याची बोटं लढाईत मोडलीत, तर तू भाकरी आधीच तोडून ठेवतेस आणि वर असं दाखवतेस की तुझीच उरलीये. तुझा इसिदोर त्याच्या दाढीला लोंबकळतो. हा एवढा मोठ्यानं हसतो की दारावरचा खोजा दचकतो. माझ्या लेकाला हसता येतं, हे मला या वयात कळलं.

आणि मग तो सण. सगळ्या कॉन्स्टँटिनोपलसमोर मोठे धर्मगुरू वेदीच्या दारात आडवे उभे राहिले. "इसिदोरला बाप्तिस्म्याच्या कुंडातून घेणारा धर्मबाप इसिदोरच्या आईचा नवरा होऊ शकत नाही. ती तुला बहिणीसारखी. मागे फिर." निकेतास मागे फिरला. त्या दिवसापासून मासे विकणाऱ्या बायकासुद्धा तुमच्या लग्नावर निकाल देतायत. लग्नाआधी तू त्याला विचारलं होतंस, "धर्मबाप तूच ना?" तेव्हा तो म्हणाला होता, "मी नव्हतो." तुला तेवढं पुरलं. आता परत विचारलंस, "मग कोण होतं?" तर उठून निघून गेला. म्हणून तुला वाटतं, तुझ्यावरच्या जिवापायी तो तेव्हा खोटं बोलला.

तुझी चूक नाही, पोरी. बाप्तिस्म्याच्या वेळी तू बाळंतीण होतीस, चाळीस दिवस झाले नव्हते, तुला चर्चची पायरी चढायची नव्हती. तू सीझरियातल्या त्या घराच्या खिडकीत बसून होतीस. तुला दिसलं काय? बर्फातून निकेतास येतोय, कडेवर बाळ, हातात मेणबत्ती. उंबऱ्यावर त्यानं बाळ तुझ्या ओटीत घातलं. बाळ कुंडातून जो घेतो तोच आईच्या हातात आणून देतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तूही तेच धरून चाललीस. तुझ्या पहिल्या नवऱ्यानंही तुला काही सांगितलं नाही. त्यालाही माझ्या लेकाची लाज राखायची होती. देव त्याचं भलं करो, भला माणूस होता.

आता आतलं ऐक. पोराला ताप होता म्हणून घाई. पाद्री आमच्या गावचा लाझारोस, अर्धा बहिरा आणि पूर्ण हट्टी. निकेतास आदल्याच दिवशी खिंडीतली लढाई मारून आलेला. धर्मबाप तोच व्हायचा होता. बाह्या वर करून कुंडापाशी उभा राहिला. लाझारोसनं त्याच्याकडे बघितलं. "माणसं मारलीस?" "मारली, बाबा. लढाई होती." "मग तीन वर्षं पवित्र कशालाही हात लावायचा नाही. माझ्याकडे नियम म्हणजे नियम. मागे हो." हे सगळं त्याच्या सैनिकांसमोर! खिंडीत त्याच्या शेजारी उभी राहिलेली पोरं ती. सगळी जमिनीकडे बघायला लागली. तुझा पहिला नवरा वाद घालतोय, पाद्री ऐकत नाही (त्याला ऐकूही येत नव्हतं) आणि उघडं पोर थंडीनं निळं पडतंय. मी पुढे झाले. म्हटलं, "माझ्याकडे दे, म्हाताऱ्या. मी आयुष्यात फक्त कोंबड्या मारल्यात." बाळाच्या वतीनं पश्चिमेला तोंड करून सैतानावर थुंकायचं असतं, ते मीच थुंकले, जरा जास्तच जोरात. आणि पाण्यातून इसिदोर माझ्या शालीत आला. त्याची धर्ममाता मी आहे, थेक्ला. दुसरं कुणी नाही.

बाहेर पायऱ्यांवर बर्फ, माझे गुडघे हे असे. आणि माझ्या लेकाचा चेहरा बघवत नव्हता. मीच म्हटलं, "घे, तू ने."

तो आता का बोलत नाही, हेही ऐक. परवा मी त्याला म्हटलं, सांगून टाक ना बाबा. तर म्हणाला, "आई, मी हे बोललो तर माझ्या प्रत्येक सैनिकाच्या विधवेला कळेल की तिच्या नवऱ्याचे हात घाणेरडे होते. राज्य गेलं तरी चालेल, हे माझ्या तोंडून निघणार नाही. तुझ्याही निघता कामा नये." मोठा माणूस आहे तुझा नवरा. पण मोठ्या माणसांच्या बायका कडी लावून रडतात, हे त्यांना कधी दिसत नाही.

म्हणून काल संध्याकाळी मी त्याला न विचारता धर्मगुरूंकडे गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेकासाठी आईची साक्ष? तुझं तर यात सगळंच आहे. राजमाता म्हणून मिरवणार तू." म्हटलं, मग आणा कात्री. आधी केस कापा, मला जोगीण करा, माझं यात काही उरलं नाही की मग माझी साक्ष घ्या. ते जरा गडबडले. आज सकाळी केस गेले. एवढं हलकं डोकं मला लहानपणापासून आठवत नाही! मग शुभवर्तमानावर हात ठेवला आणि सांगितलं. वर हेही सांगितलं, की लाझारोसला ते हात नको होते, पण त्या हातांमुळेच तुम्ही इथे सुखानं धूप जाळताय. साक्ष त्यांनी मानली. रविवारी वेदीचं दार उघडं असेल. तुम्ही दोघं बरोबर जा. तू निळं नेस, काळं नको.

आता जोगिणीला राजवाडा नाही, लेक नाही, सून नाही, असा नियम. मी आमच्या खोऱ्यातल्या डोंगरात कोरलेल्या मठात चाललेय. तिथं छपरावर जर्दाळू वाळतात आणि कुणी मला कपडे घालायला येत नाही. रडू नकोस, मला रेशीम टोचतच होतं. निकेतास चिडेल. त्याच्या मुठी वळतील. तेव्हा समजूत घालत बसू नकोस, त्या मुठी नुसत्या हातात धर. हे तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मला जाऊ दिलं नसतं, म्हणून लिहिलं. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा माझं जहाज शहराच्या भिंतीच्या पलीकडे गेलेलं असेल. त्याला बंदरावर पाठवू नकोस, सम्राट धावताना बरा दिसत नाही. नावाडी ओरडतोय, "म्हातारे, येतेस का जाऊ?" आले रे बाबा, आले.

तुझीच,
इसिदोरची धर्ममाता