तांबडीची सात वासरं

प्रिय टकळी,

हे पत्र तू उघडशील की नाही, मला ठाऊक नाही. तुझ्या जागी मी असते तर उघडलं नसतं. त्या दिवशी तुमच्या घरून मी चहाला हातही न लावता बॅग उचलून निघाले. चार माणसांत तुझ्या बापाला चोर म्हणाले आणि तुला तर काहीच म्हणाले नाही, ते जास्त वाईट. त्याला आता तीन आठवडे होतील. राग उतरला म्हणून लिहितेय असं समजू नकोस. तो चांगला ठणठणीत आहे, माझ्या गुडघ्यांपेक्षा बरा.

तुझ्या बापाची माफी मी फोनवर मागितली. "असू दे गं ताई," म्हणाला. हा लहानपणापासून असाच. याच्यावर धड रागावताही येत नाही, उशीवर बुक्की मारल्यासारखं होतं.

झालं काय होतं ते एकदा माझ्या बाजूनं ऐक. आईचं तेरावं आटोपल्यावर तुम्ही मंडळी पडला होतात. मला झोप येईना. म्हटलं, शेतावर जाऊन यावं आणि तिची दूध काढायला बसायची तिवई तेवढी घेऊन यावी. बाकी कशावर माझा डोळा नव्हता. मागच्या दाराची किल्ली सहा वर्षं माझ्या पर्समध्ये होती. माझ्या नवऱ्याला, तुझ्या काकांना, अंथरुणाला खिळून जितकी वर्षं झाली तितकीच. त्यांना सोडून मला कुठं हलता येत नव्हतं, या खेपेलाच शेजारणीवर सोपवून आले, आणि फोनवर आईला ऐकू येत नव्हतं. "बरी आहे, ठेव," एवढं ओरडून ती फोन ठेवायची. म्हणून तर पत्रं. दर महिन्याला एक, अक्षर तुझं, शब्द तिचे. तू शेतावर जाऊन लिहून आणतेस, असं मी धरून चालले होते. तर रिक्षा थांबली तिथं निळं फाटक होतं. आत पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ढीग, छातीपर्यंत रचलेले. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, पास दाखवा." माझ्या आईच्या गोठ्यात जायला पास! मी त्याला विचारलं, इथं एक तांबडी गाय होती ती कुठं आहे? बिचारा घाबरला. "मी इथं पाच वर्षं आहे, गाय नाही बघितली," म्हणाला.

त्याच पावली मी परत येऊन तुझ्या बापावर तुटून पडले, ते तू ऐकलंसच. म्हातारीला गुंडाळून जमीन विकलीस म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. तो उठला, कपाटातून कागद आणला आणि माझ्यासमोर ठेवला. खाली आईची सही. ती सही मी तिला शिकवली होती, कॉन्व्हेंटच्या पहिल्या सुट्टीत, गोठ्याच्या ओट्यावर, कोळशानं. सिस्टर आम्हाला शिकवायच्या तशी शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढून. पन्नास वर्षं ती तशीच शेपटी काढत आली आणि त्याच शेपटीनं तिनं शेत विकलं. मग जिन्यात तू माझ्यामागे धावत आलीस. "आत्या, बाबांना बोलू नकोस. आजीनंच विकलं. पत्रं तीच सांगायची, मी लिहायचे." मी उतरत राहिले. तू वरून म्हणालीस, "ती म्हणायची, बघू या, आत्या ओळखते का!" ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आता मला सांग, फसवलेल्या माणसानं काय करायचं असतं? मी एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसले. खोट्या तारखा घेऊन आलेली माणसं मी चष्म्यावरून नुसतं बघून परत पाठवली आहेत. एका गृहस्थाच्या दोन मुलांमध्ये सहा महिन्यांचं अंतर होतं. मी त्यांना विचारलं, "बायको एकच ना?" सगळी रांग हसली होती. आणि त्याच मला माझ्या आईनं, भावानं आणि भाचीनं मिळून सहा वर्षं खेळवलं. तुझ्या आईलाही ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनाही असणार. दारात माझ्याकडे कशा बघत होत्या! एक मीच तेवढी परकी.

आणि मी त्या पत्रांवर जगत होते गं. काकांना भरवून, पुसून, कूस बदलून दिली की मी खुर्चीत बसायचे आणि तुमचं पत्र पुन्हा वाचायचे. लिंबाला यंदा फळ दाट आहे. विहिरीच्या रहाटाला नवा दोर घातला. तांबडी व्याली, कालवड झाली, कपाळावर चांदवा आहे. मी उत्तरात फर्मानं सोडायचे, तिला पेंड वाढव, कालवडीला थंडीत पोतं पांघर. पुठ्ठ्याच्या ढिगाला मी पोतं पांघरायला सांगत होते! काका गेल्यावर तिथंच जाऊन राहायचं, हेही मी मनात ठरवलं होतं. नवरा जिवंत असताना असं ठरवणाऱ्या बाईला तू काय म्हणायचं ते म्हण.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मी डबा काढला आणि सगळी पत्रं तारखेनं लावली. खोड आहे, दुसरं काय. तांबडीची वासरं मोजली. सात, सातही कालवडी. ते सोड, नशीब म्हणू. पण तिसरी झाली जानेवारीत आणि चौथी ऑगस्टमध्ये. सात महिन्यांत दोनदा व्यालेली गाय, टकळे! गाईला नऊ महिने लागतात हे मला कळतं. मी त्याच गोठ्यात जन्मले. त्या ऑगस्टच्या पत्राला मी काय उत्तर पाठवलं ते आठवतंय? "अभिनंदन, मोठीची काळजी घे." आई ते ऐकून काय म्हणाली असेल? हसली असेल का? की गप्प झाली असेल? मला वाटतं ती वाट बघत होती. मी एकदा तरी ओरडून लिहीन, "आई, हे काय लावलंयस?" की मग ती खरं सांगणार. आणि मी पेंडीचं लिहीत बसले.

पण तिनं मला सरळ का नाही सांगितलं? तुझ्या बापाला सांगितलं, तुला सांगितलं. फोनवर तुझा बाप म्हणाला, "आई म्हणायची, ताईला शेत हवंय, मला नकोय." सोळाव्या वर्षी ती त्या घरात आली. पहाटे चारला उठायची ती ऐंशीपर्यंत. बाबा गेले तेव्हा मी तेरा वर्षांची आणि तुझा बाप पाच. तिचे दीर म्हणाले, बाईमाणसाला नांगर झेपायचा नाही, आम्ही बघतो. तिनं पदर खोचला आणि त्यांच्या देखत बैल जुंपले. तिच्या टाचांना भेगा होत्या, त्यात माझी पेन्सिल उभी राहायची. तेच मी नोकरीत सगळ्यांना सांगत फिरले, माझी आई अशी आणि माझी आई तशी. तिला ते आवडतं की नाही, मी कधी विचारलं नाही. तू मात्र विचारलंस वाटतं. तुमच्याकडे ती आठला उठायची म्हणे. लिफ्टनं उगाच वरखाली करायची, टीव्हीवर कुस्त्या बघायची आणि तुला तोंडात बोटं घालून शिट्टी मारायला शिकवायची. मला नाही शिकवली कधी. मी सुट्टीला यायचे तेव्हा तिला वेळच कुठं असायचा? तिच्या आयुष्यातली ती सहा वर्षं सुखाची होती आणि तेवढीच नेमकी तिनं माझ्यापासून लपवली. राग शेताचा नाही गं. हा आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी परत आल्यावर आठव्या दिवशी तुमचं एक पाकीट आलं. अक्षर तुझंच. पोस्टाचा शिक्का पुसट, भिंग लावूनही वाचता येत नाही. आत चार ओळी. "तांबडीचं दावं सोडलं. म्हातारी झाली होती, तिला अजून किती व्यायला लावायचं? गोठा झाडून घेतला आहे. तू रागावशील, पण रागावून झालं की जेवून घे." खाली शेपटीवाली सही नाही, पण शेवटच्या वर्षात तिचा हात थरथरायचा, तेव्हा ते धरायला नको. बाकी प्रत्येक पत्रावर तू वर तारीख घातली आहेस. या एकावरच नाही. हे तिनं सांगितलेलं असेल, तर जायच्या आधी तिनं मला खरं सांगितलं आणि मी परकी नव्हते. माझी कीव येऊन मागाहून तू लिहिलेलं असेल, तर नव्हतं सांगितलं. कारणं देऊ नकोस, समजूत घालू नकोस. एका कार्डावर फक्त तारीख लिहून पाठव. खोटी तारीख मी लगेच ओळखते, असं मी जन्मभर सांगत आले. पण सात महिन्यांत दोनदा व्यालेली गाय मला ओळखता आली नाही. तेव्हा तू जी लिहिशील, ती मी खरी धरीन.

तुझीच, अजून न जेवलेली,
आत्या