निळा, म्हणजे जवळजवळ निळा

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार
आज नोकरी गेली. माझी चूक नाही, भोंग्याची. जेवणाच्या भोंग्याची साखळी इतकी खाली सोडायची कशाला, की कुणाही सज्जन माणसाचा हात सहज पोचावा? मी फक्त बारा मिनिटं आधी ओढली. अख्खा कारखाना डबे घेऊन बाहेर. फोरमनपण. त्याने घड्याळ बघितलं तेव्हा त्याच्या तोंडात अर्धी पोळी होती.
साहेब म्हणाले, जयवंत, हे तिसऱ्यांदा. म्हटलं, साहेब, दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी भोंगा नव्हता, आगीची घंटा होती. तिथे वाट लागली.
घरी भाऊ-वहिनीला सांगणार नाही. आठवड्यात दुसरी नोकरी धरतो, मग दोन्ही बातम्या एकदम सांगेन. चांगली आधी.
रंग: निळा.

४ फेब्रुवारी, मंगळवार
ही वही खरं म्हणजे कामगार विम्याच्या डॉक्टरने लिहायला लावलेली. मला साखर आहे. मधुमेह. बाविसाव्या वर्षी. म्हाताऱ्यांचा रोग मला आत्ताच झाला, मी सगळ्यातच पुढे. रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्टोवर उकळायचं आणि रंग लिहायचा. निळाच राहिला तर झकास. हिरवा म्हणजे थोडी साखर, पिवळा म्हणजे बरीच, नारिंगी त्याहून, आणि विटकरी म्हणजे राम बोलो. रंग लिहून झाला की इन्सुलीनची सुई.
वहिनी म्हणते, लग्नाचा मुलगा, चाळीत कळता कामा नये. म्हणून मी चाळीत पसरवलंय की मी सकाळी स्टोवर अत्तर बनवतो. शेजारच्या वसुधाकाकूंनी थेंबभर मागितलं. दिलं. नुसतं निळं औषध, उकळायच्या आधीचं. मी तेवढा नीच नाही.
आज सह्या करायला कारखान्यात गेलो. क्लार्क म्हणाला, विम्याचं कार्ड ठेव इथे. म्हटलं, नोकरी तुमची, रोग माझा, मग कार्ड कुणाचं? म्हणाला, नोकरीचं. ह्या कार्डावरच इन्सुलीन फुकट मिळायचं. देताना कार्ड दोनदा हातातून निसटलं. सकाळी सुईनंतर नीट खाल्लं नव्हतं म्हणून.
आता संकल्प. आठवड्यात नोकरी. गोड एकदम बंद. आणि मुन्सिपाल्टीच्या हॉस्पिटलातल्या लाईनीत मरेन पण उभा राहणार नाही. तिथे म्हातारे आणि गरीब लोक असतात.
एक बाटली शिल्लक आहे. माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलीय, गार राहायला.
रंग: निळा. थोडा विचारात पडलेला.

८ फेब्रुवारी, शनिवार
मोठा शोध लागला. पूर्ण सुई घेतली की मला भूक लागते. भूक लागली की मी खातो. खाल्लं की साखर वाढते. म्हणजे साखर सुईनेच वाढते! आजपासून अर्धी सुई. बाटली दुप्पट पुरेल हा वरचा फायदा. डॉक्टर एवढा शिकलेला, त्याला कसं सुचलं नाही?
वहिनी रोज डबा देते, मी रोज नऊला निघतो. डबा नाहूरच्या मिठागराकडे बसून खातो. बगळे बरे, विचारत नाहीत.
रंग: निळसर हिरवा. पण खोलीत उजेड कमी. गॅलरीत नेला असता तर निळाच. नेला नाही, वसुधाकाकू उभ्या होत्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार
साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये गेलो. मालकाने विचारलं, आधीची नोकरी का सोडली? म्हटलं, भोंग्याशी पटलं नाही. खूप हसला. मग म्हणाला, म्हणजे तो तू? आणि हसायचा थांबला.
कारल्याचा रस सुरू केला. जांभळाच्या बियांची पूडपण. इतकं कडू पोटात गेल्यावर साखर लाजेनेच बाहेर पडेल. वहिनी म्हणाली, पाणी फार पितोस रे, शर्ट पण सैल झाला. म्हटलं, शर्ट धोब्याने वाढवला, आणि माठाचं पाणी फार गोड आहे. गोड म्हणायला नको होतं. बघतच राहिली.
रंग: हिरवा. पण पोपटी, आनंदी हिरवा.

१५ फेब्रुवारी, शनिवार
बाटली संपत आली. वाळू उकरून बघितली, दुसरी उगवलेली नाही.
पण डोकं कुणाचं? गुणाजी परबला गाठलं. माझ्याच कारखान्यातला, भांडुपला राहतो, आणि जन्मात कधी शिंकलापण नाही. त्याचं विम्याचं कार्ड कोरं करकरीत. त्यावर नाव आहे, वय आहे, फोटो नाही! म्हटलं, गुणाजी, तुझं कार्ड नुसतं झोपून असतं रे, त्याला जरा फिरवून आणतो. तो म्हणाला, मेल्या, पकडलो गेलंस तर माझी नोकरी जातली. तेवीस मार्चाक माझो साखरपुडो हा. म्हटलं, तुझा डॉक्टर भांडुपचा, मी मुलुंडचा, तिथे मला कुत्रंपण ओळखत नाही. शेवटी माझ्या गालफडांकडे बघितलं आणि कार्ड काढून दिलं. म्हणाला, लफडा नको हां.
लफडं? माझ्या हातून?
रंग: हिरवा, पिवळ्याचा शेजारी.

१७ फेब्रुवारी, सोमवार
फत्ते! भांडुपच्या डॉक्टरने हाक मारली, गुणाजी तुकाराम परब. मी मागे वळून बघितलं, कोण आला म्हणून. मग आठवलं. कार्डावर वय चोवीस, दोन वर्षांपुरतं गंभीर तोंड केलं. तपासणी झाली. कंपौंडर धोंडूमामा म्हणून आहेत, त्यांनी रजिस्टरात जाड अक्षरात लिहिलं: परब, मधुमेह. अरेरे, एवढा तरणा मुलगा, म्हणाले, आणि बाटली दिली. देवमाणूस.
आनंदात एक जिलबी खाल्ली. एकच. दुसरी तिला चिकटून आली.
रंग: पिवळा. जिलबीचाच रंग असणार तो.

२६ फेब्रुवारी, बुधवार
मी आता गुणाजी इतका झकास करतो की खऱ्याने येऊन माझ्याकडे शिकावं. मालवणी बोलतो. मामांना गावच्या आंब्याच्या गोष्टी सांगतो, गुणाजीच्या बापाला मुंबईला येताना बोट लागली ती गोष्टपण सांगितली. मामा खूश. म्हणाले, गुणाजी, तुझ्यासारखी गोड माणसं विरळा. मी म्हटलं, म्हणून तर इथे येतो.
अर्धी सुई चालूच. तत्त्व म्हणजे तत्त्व.
रंग: पिवळा. सोन्यासारखा म्हटला तर वाईट वाटत नाही.

५ मार्च, बुधवार. होळी
पुरणपोळी गोडात धरत नाहीत. डाळीची असते. तीन खाल्ल्या. वहिनी म्हणाली, कार्डावर औषध मिळतंय ना नीट? म्हटलं, मिळतंय. हे शंभर टक्के खरं.
रंग बघितला नाही. आज सगळ्या चाळीला रंग, वेगळा काय बघायचा.

६ मार्च, गुरुवार
मामांकडे गेलो, बाटलीला. मामा गप्पांत आले. विचारलं, गुणाजी, लग्नाचं काय? गुणाजीला शोभेल असं लाजलो आणि म्हटलं, ठरला हा, घाटकोपरच्या दशरथ सावंतांची नलिनी, तेवीसाक साखरपुडो. मामांनी हातातली बाटली खाली ठेवली. विचारलं, सावंत, पोस्टातले? म्हटलं, तेच. मुलगी शिवणकाम करते ती? म्हटलं, तीच, तुमका बरी म्हायती.
मग माझ्याकडे न बघताच बाटली पुढे सरकवली. माझं लाजणं फारच परिणामकारक झालं असणार. एरवी म्हणतात, ये हां परत. आज म्हणाले, देव बघतो सगळं.
रंग: नारिंगी. स्टो भडकला होता.

९ मार्च, रविवार
सकाळी गुणाजी मुलुंडला आला. खालूनच ओरडत आला. धोंडूमामा नलिनीचे सख्खे मामा! नवऱ्यामुलाचं त्यांनी नुसतं आडनाव ऐकलेलं, तोंड बघितलेलं नव्हतं. आता हे मला कसं कळणार? गळ्यात पाटी लावून फिरायला काय होतं माणसाला?
दशरथ सावंतांनी गुणाजीकडे निरोप धाडला: साखरपुड्याची साखर घेऊन आमच्याकडे यायची असते, नवऱ्यामुलाने स्वतःच्या अंगात आणायची नसते. लग्न मोडलं.
गुणाजी म्हणाला, मेल्या, तुझ्यापायी माझा लगीन मोडला. कार्डाचा बोललंय तर नोकरी जाता, नाय बोललंय तर बायको जाता. आता तूच जाऊन सांग, नायतर तुका सोडूचंय नाय. मी म्हटलं, हळू बोल रे. तेव्हा त्याने भोंग्यापासून सुरुवात केली. भोंगा, नोकरी, कार्ड, साखर, सगळं चाळीने ऐकलं. वसुधाकाकू नळावर धावल्या आणि मनगटं घासघासून धुतली.
भाऊ नुसता पेपर उलटा धरून वाचत बसला. मी सांगितलं, पेपर उलटा आहे. तेव्हा बोलला. तासभर.
वहिनी एवढंच म्हणाली, ह्याचा साखरपुडा तर कायमचाच झालाय. मोडला तो बिचाऱ्या गुणाजीचा. आणि पदराने डोळे पुसले. कांद्यामुळे. कांदा दिसला नाही, पण असणार.
रंग: नारिंगी. ह्या घरात उजेडाचीच बोंब.

१० मार्च, सोमवार
कार्ड गुणाजीला परत. भांडुपला गेलो आणि मामांना सरळ खरं सांगितलं. सवय नाही, त्यामुळे ततपप झालं. म्हटलं, मामा, मी गुणाजी नाही, मी जयवंत. साखर माझी. गुणाजी ठणठणीत आहे.
मामा म्हणाले, लाज नाही वाटत? लग्नासाठी आज स्वतःचं नाव टाकतोस, उद्या बायको टाकशील. म्हटलं, अहो, खरंच मी तो नाही. म्हणाले, बापाला बोट लागली ती गोष्ट कुणी सांगितली मग? म्हटलं, तो बाप माझा नाही. मामांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, आता बापपण टाकला!
जन्मात पहिल्यांदा खरं बोललो, आणि ते माझ्या सगळ्या थापांपेक्षा कच्चं निघालं. येत्या रविवारी गुणाजीला घेऊन घाटकोपरला जायचं ठरवलं. समोरासमोर. सोपं आहे.
रंग: नारिंगी. चालायचंच.

१६ मार्च, रविवार
बाटली गुरुवारीच संपली. अंगात दम नाही, तरी गेलो. भाऊपण आला. मी पळून जाईन म्हणे.
दशरथ सावंतांनी गुणाजीकडे बोट दाखवलं, हा गुणाजी. मामा म्हणाले, छट्, हा काय गुणाजी, आणि मला पुढे ओढलं. पाच मिनिटं आम्ही दोघं पुढे-मागे. शेवटी भाऊने सांगितलं, हे आमचं रत्न. तेव्हा मामांना पटलं. पण सावंत पोस्टातले, सही घेतल्याशिवाय पार्सल सोडत नाहीत. म्हणाले, हा जयवंत असेल, आजारीपण असेल. म्हणून तो दुसरा आजारी नाही हे कशावरून? दोघांची तपासा. इथेच.
मामांनी पिशवीतून नळी आणि निळं औषध काढलं. पाहुण्यांच्या खोलीत, तसबिरीखाली, स्टो पेटवला. बायका आतल्या दारात. आधी गुणाजीची. उकळली. निळीशार. सगळ्यांनी श्वास सोडला. गुणाजीने तर नळीला नमस्कारच केला.
मग माझी. मी म्हटलं, माझ्या मते नारिंगी. उजेड कमी आहे. सावंतांनी नळी खिडकीत नेली. बाहेर शेजारच्या घराची भिंत, गिलावा न केलेली. नळी भिंतीच्या विटेला लावून धरली. कुठे वीट संपते आणि कुठे मी सुरू होतो, कळेना.
कुणी हसलं नाही. मी थांबलो होतो, कुणीतरी हसेल म्हणून. आतून नलिनीचा आवाज आला, अहो, त्यांना बसवा ना कुणीतरी, पडतील ते. मी म्हटलं, मी ठीक आहे, आणि पडलो.
मामांनी तिथेच पुरी सुई टोचली. अर्ध्या सुईचं सांगितलं तसे म्हणाले, गाढवा, अर्धीने कुणी जगतं का? कार्डाचं कुठे बोलणार नाहीत. भाचीच्या नवऱ्याची नोकरी आहे ती. साखरपुडा ठरल्या दिवशी होणार. तोंड गोड करायला साखरेची वाटी फिरली. माझ्यापाशी आली तशी सगळी खोली एकदम ओरडली, ह्याला नको! अख्ख्या घाटकोपरला कळलं असेल.
निघताना मामांनी चिठ्ठी दिली. मुन्सिपाल्टीचं हॉस्पिटल, सकाळी सहा, लाईनीत उभं राहायचं. शेवटी लिहिलंय: स्वतःच्या नावाने. खाली दोन रेघा.
रंग: वर लिहिलाय.

१७ मार्च, सोमवार
सहाला लाईनीत उभा. पुढच्या म्हाताऱ्याने विचारलं, पोरा, कुणासाठी आलास? म्हटलं, आजोबांसाठी. तासाभराने परत विचारलं, आजोबा कुठायत? म्हटलं, मीच तो. तो सरकला आणि भिंतीला टेकायला जागा दिली.
मनाशी ठरवलं, आजपासून थापा बंद. पुरी सुई. खरा रंग. नवीन जयवंत.
साडेदहाला खिडकी आली. बाबूने मान वर न करता विचारलं, नाव?
म्हटलं, गुणाजी तुकाराम परब.
तोंडातून आपोआप गेलं. एक महिन्याची सवय. त्याने लिहिलं, शिक्का मारला, मग मी म्हटलं, थांबा, हे माझं नाव नाही. त्याने पहिल्यांदा वर बघितलं. मग नवा केसपेपर काढायला परत लाईनीच्या शेपटाला.
सकाळी नळी गॅलरीत नेऊन बघितली होती. वसुधाकाकूंच्या देखत.
रंग: विटकरी. उजेड चांगला होता.