सॅमचा फाटका मोजा

सोमवार, अबू धाबी

जपानला मिशनरी म्हणून जाताना सॅमला ढीगभर नवे मोजे दिले होते. आज व्हिडिओ कॉलवर सांगतो, भोक पडलेलाच घालून दारोदार फिरत होतो! मी ओरडलेच, "अरे, तिकडे दारातच बूट काढतात ना? लोकांना अंगठा दिसला असेल!"

"रिलॅक्स, मम्मी. आत्तापर्यंत कुणी घरात घेतलंच नव्हतं. आज एका आजींनी घेतलं. अंगठा बघून हसल्या, लगेच मोजा शिवून दिला." कॅमेऱ्यापुढे पाय धरला. काळ्या मोज्यावर लाल दोरा.

लाजच वाटली मला. परक्या बाईनं माझ्या लेकाचा मोजा शिवावा? चपात्या लाटतानाही चिडचिड चालूच. मग हात थांबला. भोक दिसलं, म्हणजे कुणीतरी पोराला घरात घेतलं की!

रात्रीच्या प्रार्थनेत आजींचं नाव घ्यायचंय. आणि मी नुसती मोज्यावरून भांडले, नाव विचारलंच नाही.