भाग दुसरा आणि चिरंजीवांचा घसा

४ जानेवारी
नवीन वही. आजपासून रोज लिहिणार. ही कुणासाठी नाही, माझी मलाच. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्यानं रीतसर परवानगी मागावी.

मोठा निर्णय झाला. गेम एकदम बाजारात आणायचा नाही. पाच भागांत आणायचा, दर दोन महिन्यांनी एक. बग्या म्हणाला, गेम अर्धवट आहे म्हणून तू त्याचे तुकडे करतोयस. बग्या म्हणजे माझा भागीदार. कोड, चित्रं, चुका काढणं एवढं तो बघतो; बाकी सगळं मी. त्याला दूरदृष्टी नाही. एकट्यानं खेळायचा गेम लोक शनिवार-रविवारात फस्त करतात आणि सोमवारी विसरतात. भाग पाडले की झुरतात. झुरवणं ही कला आहे. (वाक्य मुलाखतीसाठी राखून ठेवणे.)

१९ जानेवारी, दुपार
रोज लिहिणं जमलं नाही. विचार चालू होते.

गोष्ट नोंदवून ठेवतो. एक भलंमोठं, बंद पडलेलं पाणीपुरवठा केंद्र. तिथला पहारेकरी बेपत्ता. त्याचा लहान मुलगा त्याला शोधत आत शिरतो. जिने, पाइप, टाक्या, किल्ल्या. पहिल्या भागाच्या शेवटी हिरवं लोखंडी दार. मुलगा दार वाजवतो आणि विचारतो, बाबा, आत आहेस का? आतून आवाज येतो, आलोच! पडदा काळा. मग पांढऱ्या अक्षरांत, क्रमशः.

लिहितानाच काटा आला अंगावर. दारामागे काय आहे, बग्यानं विचारलं. सगळं डोक्यात आहे म्हटलं. आहेच. फक्त बाहेर यायचंय.

२ फेब्रुवारी
गेममधल्या मुलाचा आवाज चिरंजीवांचा. साडेअकरा वर्षांचे आहेत. आवाज असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडावं. रेकॉर्डिंग घरीच, कपड्यांच्या कपाटात, कारण तिथे आवाज घुमत नाही. चिरंजीव लोंबत्या कोटांमध्ये मांडी घालून बसले आणि एका दमात सगळं म्हणून मोकळे झाले. मी फार शिकवलं नाही. रक्तातच आहे.

बाबाचा आवाज मी स्वतः. एकच शब्द, पण सगळी गोष्ट त्यावर उभी. सारखा घेत राहिलो. शेवटी बग्यानं पहिलाच ठेवला.

कपाटातून बाहेर आल्या आल्या चिरंजीवांनी विचारलं, पुढे काय होतं? कळेल, म्हटलं. डोळे असे चमकले! हाच तो परिणाम.

बायको शाळेत गाणं शिकवते. मुलांचा गायनवृंद तिच्याकडे. म्हणाली, पाचही भागांचं आत्ताच बोलून घे त्याच्याकडून, या वयातले घसे कुणासाठी थांबत नाहीत. मी म्हटलं, पुढचे भाग लिहायचे आहेत, आणि कला अशी घाऊक होत नसते. ती पेटी पुसायला लागली. पटलं असावं.

१ मार्च
भाग पहिला बाहेर!!

८ मार्च
लोक वेडे झालेत. सगळ्यांचा एकच प्रश्न, दारामागे काय? ‘अधीर’ नावाचा एक खेळाडू दिवसातून तीनदा विचारतो. मुलाचा आवाज सगळ्यांना आवडला. बाबाच्या आवाजाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. भारावले असणार.

ज्या ऑनलाइन दुकानात गेम लागलाय तिथल्या बाईंचा फोन आला. बोलणं एकदम कामापुरतं. पुढच्या भागाची तारीख द्या म्हणाल्या. १ मे म्हणून ठोकून दिलं.

१४ एप्रिल
दुसरा भाग लिहायला बसलो. आधी टेबल खिडकीकडे वळवलं. मग उजेड डोळ्यांवर येतो म्हणून परत भिंतीकडे. पहिल्या पानावर ‘भाग दुसरा’ लिहिलं. अक्षर मनासारखं येईना. आज एवढंच. पाया पक्का हवा.

२९ एप्रिल
तारीख १ जुलै. लोकांसाठी छोटंसं निवेदन लिहिलं: दर्जाशी तडजोड नाही. निवेदन इतकं छान झालं की बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढ्या वेळात एक प्रसंग झाला असता. घरच्यांना किंमत नसते.

१८ मे, रविवार
चिरंजीव मॅचला गेले नाहीत. रेकॉर्डिंग निघालं तर, म्हणून घरी थांबले. संध्याकाळपर्यंत कपाटातले कोट एका बाजूला सरकवून बसले होते. याला म्हणतात निष्ठा. मी खोलीतून सांगितलं, आलोच. पण एका संवादात अडकलो आणि राहून गेलं.

२९ जून
१ सप्टेंबर. पावसाळ्यात लोक तसेही घरातच असतात, त्यांना आणखी गेम कशाला?

चिरंजीव रोज शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी विचारतात, झालं का. हा दबाव कलावंताला मारक आहे. तसं त्यांना सांगितलं. आता दप्तर टाकून झाल्यावर विचारतात.

२२ ऑगस्ट
दगा!!! पाठीत खंजीर!

बग्या सोडून गेला. सकाळी आला, खुर्चीवर बसलाही नाही. म्हणाला, मी तुला एवढी दारं करून दिली, एकाच्याही मागे काय आहे ते तू सांगितलं नाहीस, आता मला नुसती दारं करायचा कंटाळा आलाय. दवाखान्यांची बिलं काढायचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत लागतोय. बिलं! ज्या माणसानं अंधारातले पाइप असे रंगवले की हात लावला तर ओला होईल, तो बिलं छापणार. जाताना चिरंजीवांना जवळ घेऊन, भारी बोललास रे, म्हणाला. मला काहीच नाही.

चांगलंच झालं. आता कुणाचा अडथळा नाही.

२४ ऑगस्ट
बग्यानं फाइल कुठे ठेवल्यात ते सापडत नाही. त्याला फोन करणार नाही. मानाचा प्रश्न आहे.

२५ ऑगस्ट
फोन केला.

३१ ऑगस्ट
१ डिसेंबर. नक्की. आता काळ्या दगडावरची रेघ.

दुकानवाल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी पण तुम्ही नक्कीच म्हणाला होतात. लक्षात ठेवायची काय ही पद्धत!

९ ऑक्टोबर
‘अधीर’नं आपल्या नावातला अ काढून टाकला. आता तो ‘धीर’. खेळाडू कसे घडवावे लागतात बघा.

३ डिसेंबर
तारीख हुकली. यात माझा दोष नाही. सगळी तयारी झाली होती, फक्त लिहायचं राहिलं होतं, आणि त्यात चिरंजीवांचा घसा बसला. नेमका आत्ता! थंड पाणी बंद. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ओरडणं बंद. मी स्वतः समोर उभा राहून गुळण्या करवल्या. प्रोजेक्टसाठी मी काय काय करतो, कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

१२ डिसेंबर
गुळण्यांचा उपयोग नाही. बायको दारातून बघत होती, हसायला लागली. म्हणाली, अरे, घसा बसलेला नाही त्याचा, कंठ फुटलाय.

खाली बसलो.

१३ डिसेंबर
केसानं गळा कापतात हे ऐकलं होतं. गळ्यानं गळा कापलेला प्रथमच बघतोय. पोटच्या पोरानं! थोडी कळ काढली असती तर काय बिघडलं असतं? भाग दुसरा, फार तर तिसरा. बायकोला म्हटलं, तू आधी सांगायचं होतंस. ती म्हणाली, सांगितलं होतं. मी म्हटलं, सांगण्या-सांगण्यात फरक असतो.

२ जानेवारी
नवीन वर्ष, नवा जोम. उपाय सापडला. यंत्रावर चिरंजीवांचा आवाज बारीक करायचा. केला. पत्र्याच्या डब्यात उंदीर कोंडल्यासारखं वाटतं. चिरंजीव हसून हसून लोळले. हसताना वरचा आवाज, खालचा आवाज, दोन्ही एकदम येतात. मी हसलो नाही.

शेजारच्या छोटीला बोलवावं का? बोलवलं. गोड आहे पोरगी. पण तो आवाज नाही. पहिला भाग परत लावून ऐकला. बाबा, आत आहेस का? परत ऐकला. मग बंद केला.

१५ फेब्रुवारी
आज खरोखर लिहिलं. चार ओळी. पण काय ओळी!

चिरंजीवांना म्हटलं, चल, जसा आहे तशाच आवाजात घेऊ. मॅचचे बूट घालून तयार होता, तरी आला. कपाटात शिरायला गेला तर मावेना. गुडघे बाहेर. दार लागेना. कोट काढून बघितले, तरी नाही. शेवटी गुडघे बाहेर ठेवूनच म्हणाला, बाबा, आत आहेस का? जाड, फाटका आवाज. एखादा मोठा माणूस कुणाच्या तरी दाराशी येऊन उभा राहावा तसा.

मग त्यानं विचारलं, दारामागे काय आहे, तुला खरंच ठाऊक आहे का? सगळं डोक्यात आहे, म्हटलं. बरं, म्हणाला. उठला, बूट बांधले, मॅचला गेला.

पुढे काय होतं, हे त्यानं विचारलं नाही. जिन्यावरून जाताना शीळ घालत होता. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चार ओळी खोडल्या.

२० मार्च
ताईचा फोन. पहिली काही मिनिटं तिनं तिच्या कंबरदुखीची सगळी कहाणी चिरंजीवांना सांगितली, मी समजून. आवाज हुबेहूब आहे म्हणे. बायकोही म्हणते, आतल्या खोलीतून कळत नाही कोण बोलतंय. बघा, निसर्गसुद्धा माझ्या बाजूनं! आता गेममधला बाबा त्याच्याकडून बोलून घेता येईल. मी लिखाणाला मोकळा. नवी तारीख: १ जून.

१२ एप्रिल, सकाळ
विश्वासघात! आणि घरात!

मी अंघोळीला गेलो होतो, फोन टेबलावर होता. दुकानवाल्या बाईंचा फोन आला, चिरंजीवांनी उचलला. बाईंनी विचारलं, काय ठरलं तुमचं? हा म्हणाला, दुसरा भाग येणार नाही. तुम्हाला इतके दिवस थांबवलं, सॉरी. बाईंनी कारण विचारलं. मुलगा मोठा झाला, म्हणाला.

हे सगळं त्यानंच मला सांगितलं, नाश्ता करताना, माझ्याकडे बघून. मी विचारलं, तू कोण ते सांगितलं नाहीस? तर म्हणाला, त्यांनी विचारलंच नाही. त्यांना वाटलं तूच. मला ओरडायचं होतं. बायको स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, वळलीच नाही.

१२ एप्रिल, दुपार
दुकानात पाटी लागलीसुद्धा: हा गेम एकाच भागात पूर्ण आहे. खाली माझ्या नावानं सकाळचं बोलणं, जसंच्या तसं. ‘क्रमशः’ काढायची सोय असेल तर बघा, असा बाईंचा निरोप.

खेळाडू चवताळतील असं वाटलं होतं. एकही नाही. मनापासून सांगितलंत, बरं वाटलं, असं कितीतरी जणांनी लिहिलंय. ‘धीर’नं नाव बदलून ‘निवांत’ केलं. त्यानं लिहिलंय, पहिल्यांदाच तुमच्या बोलण्यावर विश्वास बसला. इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलं नव्हतं. त्यातला एक शब्दही माझा नाही.

बग्याचाही मेसेज आला. शाब्बास, म्हणाला.

१२ एप्रिल, संध्याकाळ
हे असं चालू द्यायचं नाही. बाईंना फोन लावला. स्पष्ट सांगितलं, सकाळी तुमच्याशी मी बोललोच नाही, माझा मुलगा बोलला, सबब दुसरा भाग येणार आहे.

बाई आज प्रथमच हसल्या. म्हणाल्या, आता मागे फिरू नका हो, शोभून दिसलं ते. आणि तुमच्या मुलाचं म्हणाल तर त्याचा आवाज आम्हाला पाठ आहे, सगळं ऑफिस रडलंय त्याच्या त्या वाक्यावर. एवढंसं लेकरू ते, असं कसं बोलेल? मग म्हणाल्या, घरात असेल तर द्या ना त्याला फोन. दोन शब्द ऐकू दे त्याचा आवाज.

मी इकडेतिकडे बघितलं. तो बाहेर गेलाय, म्हटलं.

असू दे, आला की सांगा, म्हणाल्या.

हो म्हटलं.