गाय ठणठणीत, लस माणसांसाठी

३ मार्च २००८, देवास
आजपासून रोज लिहायचं. शरद भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, एका कंपनीची नवीन लस घेऊन आलेत. टोचायची गाईला, फायदा दूध पिणाऱ्याला. गाईच्या पोटात कसलासा जंतू असतो. तिला काही होत नाही, पण कच्च्या दुधातून आपल्या पोटात गेला की आपले हाल. भावजी म्हणाले, वहिनी, तुमची जीभ चालते, खपवा तुम्हीच. ते धार आणि मनावर ही दोन गावं सांभाळणार. देवास माझं! पहिली सुई आपल्याच गाईला लावली.

५ मार्च
गणोजी गवळ्याकडे गेले. म्हणतो, मावशी, गाय ठणठणीत आहे, सुई कशाला? म्हटलं, तुझ्या गिऱ्हाइकांसाठी रे. म्हणे, मग गिऱ्हाइकालाच टोचा ना. लस घेतली नाही, पण चहा पाजला. म्हणजे इंटरेस्ट आहे.

९ मार्च
आयडिया! लस लावलेल्या गाईच्या गळ्यात हिरवी रिबन. दुरून ओळखू येईल. आपली तर नवरीच दिसते. शेजारच्या सुमंगलाने दोन्ही गाईंना लावून घेतली. फुकट, पण सुरुवात झाली. माझा हात धरून म्हणाली, मी आहे ना तुझ्यासोबत. मैत्रीण असावी तर अशी.

१३ मार्च
माझ्या दुधाच्या रतिबाची तीन घरं बंद. परीक्षा चालू आहेत, पोरं दूध कुठे पितात.

१५ मार्च
नळावर यमुनाबाई म्हणाली, रिबनवाली गाय बिमार असते, म्हणून तर सुई लावली. मी म्हटलं, तुझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे, तू बिमार आहेस का? सगळ्या खो खो हसल्या. पटलं त्यांना.

१६ मार्च
अजून चार घरं बंद.

१८ मार्च
सुमंगलाच्या गाईंच्या गळ्यात रिबन नाही. म्हणाली, खाल्ली. दोघींनी? दोघींनी. ठेवला विश्वास.
संध्याकाळी बघते तर माझी सातही घरं तिच्या दारात, बरण्या घेऊन. आणि ही बया सांगतेय, आमच्याकडे बिनसुईचं दूध मिळतं हो! माझ्याच समोर टोचून घेतली होती मेलीने. जेवले नाही.

१९ मार्च
भावजी उरलेली लस कंपनीला परत करून आले. म्हणाले, वहिनी, जाऊ द्या. जाऊ कशी देऊ? उद्या सकाळी चौकात उभी राहून सुमंगलाचं सगळं फोडणार. नावानिशी. ठरलं.

२० मार्च
निघतच होते. ओट्यावर नात अंजू पेला तोंडाला लावून बसलेली. म्हटलं, बघा, आपलं दूध कसं आवडतं पोरीला. सून नीरजा खाली बघून म्हणाली, आई, रागावू नका, आठवडा झाला, तिच्यासाठी सुमंगलाकाकूंकडूनच आणते. पोरीच्या बाबतीत रिस्क कशाला?
विचारलं, मग आपल्या गाईचं कोण पितं? म्हणाली, तुमच्या चहाला लागतं ना.
फोडलं असतं, तर उद्यापासून नीरजाने पोरीला तेही दूध दिलं नसतं. चपला काढल्या, बसले.
नीरजाने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, आई, बरं नाही का? इतक्या गप्प कशा?