पडद्यावर अडकलेली आरू

श्रीवर्धन
घटस्थापनेचा दुसरा दिवस

प्रिय आरू,

पत्र बघून दचकू नकोस. आप्पा ठणठणीत आहेत, आत्ताच आमटीभात जेवून आडवे झालेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी वाक्य सुरू करते तोवर तुझं 'ताई, थांब, आधी माझं ऐक' येतं आणि मी थांबते. लहानपणापासून लागलेली सवय ती. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, म्हणून पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत तोवर सगळं लिहून टाकते.

आधी तुझ्या त्या काळ्या पेटीची बातमी. मे महिन्यात तू भिंतभर टीव्ही, दोन उंच स्पीकर आणि तो छोटा काळा कॉम्प्युटर, म्हणजे ही पेटी, पाठवलास, आप्पांचे सगळे जुने सिनेमे त्यात भरून दिलेस, आणि टीव्हीवर कॅमेरा बसवून रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलायची सोय केलीस. पावसाळा लागला आणि ती पेटी हँग व्हायला लागली. मग ऑगस्टात तू मला बजावलंस, की दसऱ्यापर्यंत हे नीट झालं नाही तर तू आप्पांना नेरुळला घेऊन जाणार, कायमचं. 'गुडघ्यामुळे ते वाडीत जात नाहीत, नाक्यावर जात नाहीत, सिनेमा हाच त्यांचा विरंगुळा, आणि तुमच्या त्या खाऱ्या हवेत एक वस्तू धड टिकत नाही.' हे तुझे शब्द. त्या खाऱ्या हवेत मी चव्वेचाळीस वर्षं टिकले आहे, पण ते कोण मोजतो?

म्हणजे गंमत बघ. आप्पा माझ्याजवळ राहायला हवे असतील तर तू दिलेली वस्तू मी धडधाकट ठेवायची! जिच्याकडे बघून माझ्या पोटात दुखतं तिचीच रोज सेवा करायची. हो, दुखतं पोटात. स्पष्टच लिहिते. पाहुणे माझ्या हातचं सुरमईचं कालवण ओरपत असतात आणि आप्पा त्यांना हात धरून बाहेरच्या खोलीत नेतात, 'ही माझ्या धाकटीनं दिली, अख्ख्या गावात अशी न्हाय.' पाहुणे टीव्हीचं कौतुक करतात, कालवण तोंडातच राहतं. मी घेतलेला फ्रीज सात-आठ वर्षं त्याच खोलीच्या तोंडाशी उभा आहे. त्याचे पाय गंजले तेव्हा आप्पांनी खाली दोन विटा सरकवल्या आणि विषय संपवला. त्या फ्रीजसमोर त्यांनी आजवर एकाही पाहुण्याला उभं केलेलं नाही.

आणि हँग तरी कसा व्हावा? त्याला काही ताळतंत्रच नव्हतं. कधी दिवसभर तीन सिनेमे ओळीनं चालतील, कधी सेन्सॉरची पाटी जाऊन सिनेमाचं नाव येतंय तोवर चित्र जागच्या जागी थांबेल आणि स्पीकरमधून नुसती घरघर. पण जास्त करून तो तुझ्या फोनच्या वेळीच अडकायचा. तू एक डोळा मिटलेला, तोंड अर्धवट उघडं, अशी भिंतभर थांबून राहायचीस. तिकडे तू 'हॅलो, हॅलो' करून फोन बंद करायचीस, इथे तू तशीच. आणि आप्पा मला हाक मारायचे नाहीत! सिनेमा अडकला की 'राहे, ये गं, मेला हा' म्हणून घर डोक्यावर घेतात. तू अडकलीस की गप्प. मी भाकरी टाकून येते तर हे आपले खुर्चीत बसून तुझ्याकडे बघतायत. विचारलं, काय बघताय? म्हणाले, 'आरू हाय.' म्हटलं, अडकलीय ती. तर म्हणाले, 'असू दे की.' मी बटण दाबून पेटी बंद केली, आणि तुझं तोंड नाहीसं झालं तेव्हा मला बरं वाटलं. राग येऊ दे तुला. मला खरंच बरं वाटलं.

दुरुस्तीच्या मागे मात्र मी हात धुऊन लागले. बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या साहिलला घरी आणलं. त्यानं आतल्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, म्हणाला, राहीताई, मिठाची हवा बसते यांच्यावर. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी तू परत अडकलीस. मग विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून यूपीएस घेतला. मग टीव्हीची वायर बदलली. मग सगळं पुसून नव्यानं भरलं, त्यात आप्पांचे सिनेमे जाऊ नयेत म्हणून मी साहिलच्या डोक्यावर बसून राहिले. शेवटी तो पेटी दुकानात घेऊन गेला. तिथे ती आठवडाभर अखंड चालली, एकदाही अडली नाही. घरी आणून शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि त्याच संध्याकाळी बंद. साहिलनं हात टेकले. जाताना म्हणाला, कप्प्याचं दार उघडं ठेवा, हवा लागू दे. मी उघडं ठेवायची, आप्पा येताजाता लावायचे. मला वाटलं, पाल शिरेल म्हणून लावतात.

या भानगडीत आपले व्हिडिओचे दिवस सारखे आठवत होते. आप्पा व्हीसीआर भाड्यानं द्यायचे, सत्यनारायणाला, बारशाला, हळदीच्या रात्री. स्कूटरवर पुढे तू उभी, मागे मी, मांडीवर कॅसेटची पिशवी. कार्यक्रमाच्या घरी पोचलं की सगळी पोरं तुझ्याभोवती गोळा, कारण प्लेचं बटण तू दाबायचीस. आप्पाच सांगायचे, 'थांबा, आमची आरू दाबंल.' दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅसेट रिवाइंड करून, पुसून, डबीत घालून ठेवायचं काम माझं. तेव्हा कुणी पोरं गोळा व्हायची नाहीत. रिवाइंड मी करायची आणि प्ले तू दाबायचीस, आरू, आपल्या घरात अजूनही तेच चाललंय. पण एक होतं, दुसऱ्या व्हिडिओवाल्यांच्या कॅसेटना पावसाळ्यात पांढरी बुरशी धरायची, आपल्या आप्पांच्या 'तुकाराम व्हिडिओ'च्या कॅसेटला कधी नाही. ते कशामुळे, हे मी पार विसरून गेले होते.

या पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या तेव्हा मी कुठेच जोडल्या नाहीत. एक म्हणजे आप्पा स्वयंपाकघरात येऊन मिठाच्या बरणीत बोटं घालायचे. त्यांना रक्तदाब, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलेलं, आणि हे माझी पाठ वळली की बरणीशी. मी काय काय बोलले त्यांना! ते बोटं धोतराला पुसून निघून जायचे. दुसरी म्हणजे आईची जांभळी इरकल. गौरीच्या दिवशी नेसावी म्हणून माझं कपाट उघडलं तर पदरभर बुरशीचे ठिपके. इतकी वर्षं त्या कपाटात काही झालं नाही, यंदाच कसं? भिंतीला ओल आली असेल म्हणून मी गवंड्याला निरोप धाडला. साडी अजून धुऊन उन्हात घालतेय, ठिपके काही जात नाहीत.

परवा दुपारी मासळी घेऊन जरा लवकर परतले. हवा कुंद होती, अंगाला चिकटणारी. आप्पांनी पडदे ओढून सिनेमा लावलेला, खोलीत अंधार. आणि शोकेसच्या खालच्या दाराच्या फटीतून पिवळा उजेड येत होता. कॉम्प्युटरचा दिवा निळा आहे. मी पिशवी तशीच खाली टेकवून दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी धग आली. पेटीच्या मागे, वायरींच्या गुंत्यात, साठ वॅटचा एक जुना पिवळा बल्ब जळत होता.

तेव्हा कुठे सगळं डोक्यात उतरलं. आप्पा कॅसेटच्या कपाटात पावसाळाभर असाच बल्ब लावून ठेवायचे, ओल धरू नये म्हणून. मिठाला पाणी सुटलं की हवा दमट, ही त्यांची खूण. म्हणून बरणीत बोटं! तुझ्या फोनच्या वेळेआधी तर ते हमखास लावायचे, म्हणजे आरूचा फोन यायच्या आत मशीन कोरडं खडखडीत. कोंडलेल्या कप्प्यात ती पेटी तापून तापून जीव सोडायची, नेमकी तुझा चेहरा समोर असताना. आणि मला किंवा साहिलला हा बल्ब कधी दिसला नाही, कारण पेटी बाहेर काढायची म्हटली की आप्पा आधी आम्हाला बाजूला सारायचे. 'वायरीला हात लावू नका, मी काढतो.' आधी बल्ब निघायचा, मग पेटी.

मी त्यांना समजावलं, आप्पा, कॅसेटला ऊब लागते, याला गारवा लागतो. त्यांनी पेटीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, 'मीच मारीत होतो काय गं त्याला?' आणि फडक्यानं धरून बल्ब काढला. तेवढ्यात माझं लक्ष वायरीकडे गेलं. वायरीला निळी चिकटपट्टी होती, ती आईच्या हयातीत मीच लावलेली. आरू, तो बल्ब माझ्या कपाटातला होता. माझ्या कपाटात पावसाळ्यात आप्पा बल्ब लावतात हे मला माहीत होतं, पण इतकं रोजचं की कधी मनातच आलं नाही. यंदा त्यांनी तो होल्डरसकट उपटला आणि तुझ्या पेटीला लावला. आईच्या साडीला बुरशी धरली ती तुझी वस्तू कोरडी राहावी म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मासळी तशीच पडली होती, मांजर येऊन वास घेत होतं, आणि मी आप्पांना सुनावत होते. रोज उठून तुमचं मी करते, गोळ्या मी देते, पाय मी चेपते, आणि माझ्या कपाटातला दिवा काढून तुम्ही तिच्या खोक्याला लावता? एवढी ती आवडते तर जा की तिच्याकडे! हे मी म्हणाले. जे होऊ नये म्हणून दोन महिने धडपडत होते तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. आप्पांना माझा राग का आला तेच कळेना. ते अगदी साधेपणानं म्हणाले, 'आरू लांब हाय गं. तिची वस्तू जपाया लागते. तू हायस की इथं.'

तू हायस की इथं. त्या वाक्याचं काय करू मी? दोन दिवस तेच घोळतंय डोक्यात. त्यात माया आहे, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. आप्पांना कुठेही जायचं नाही, हेही त्यात आलं. पण पाणी आहे, जमीन आहे, तशी मी आहे. जमिनीला कुणी बल्ब लावत नाही. तुला मात्र लांब राहिल्याचं फळ मिळतं, चांगलं भिंतभर.

पेटी आता शोकेसच्या वर, उघड्यावर आहे. काल घटस्थापनेला तू तासभर बोललीस, आठवतं? तूच म्हणालीस, 'अरे वा, आज अडकलं नाही!' मी आत नारळ खवत होते, मुद्दाम बाहेर आले नाही. तेव्हा तुझी अट पुरी झाली आहे आणि आप्पा नेरुळला येणार नाहीत. हा विषय इथे मिटला. तुझे विनेशराव जहाजावर नोकरीला गेल्यापासून तुला ते घर खायला उठतं, म्हणून तुला आप्पा हवेत, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तू माझी बहीण आहेस, कितीही जळले तरी.

म्हणून हे पत्र. दसऱ्याला तू येणारच आहेस, तर तुझा लॅपटॉप घेऊन ये आणि दिवाळीपर्यंत इथेच राहा. काम तुझं घरूनच चालतं. पाहुण्यांचं बुकिंग मी घेतलेलं नाही. आप्पांच्या गोळ्या फळीवर आहेत, भाकरी त्यांना पातळ लागते. तुझ्या घराची चावी मला दे, मी नेरुळला जाऊन राहते. एकदा मलाही लांब राहून बघायचं आहे. रोज संध्याकाळी मी तिथून फोन करीन, नीट केस विंचरून, त्या भिंतभर टीव्हीवर. आणि एक काम करशील? बल्ब आप्पांनी परत माझ्या कपाटात लावला आहे, तिथून काढून घे. एखाद्या कुंद दिवशी, मिठाला पाणी सुटलेलं असेल तेव्हा, पेटी खालच्या कप्प्यात ठेव, मागे तो बल्ब लाव आणि दार लावून घे. मी बोलता बोलता अडकेन. मग तू स्वयंपाकघरात जा, आप्पांच्या जवळ थांबू नकोस. ते तुला हाक मारतात, की माझ्याकडे बघत बसून राहतात, एवढंच मला कळव.

तुझीच, तुझ्यावर जळणारी,
राहीताई