एकाच हाताच्या चिठ्ठ्या

सोमवार, ता. ३

आजपासून मी मास्तरीण! एकोणीस वर्षं वॉर्डात उभं राहून कमरेची पार वाट लागली, तेव्हा कुठे हॉस्पिटलला माझी दया आली. खोली तळमजल्यावर, धुलाई खात्याला लागून. दोन खिडक्या, वीस खुर्च्या, एक फळा आणि माझं स्वतःचं टेबल. त्याला कुलूपसुद्धा लागतं! घरी यजमानांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा छान छान म्हणाले, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता.

खोलीतला दुसरा रहिवासी म्हणजे सरावाचा पुतळा. नुसतं डोकं आणि धड, पाय नाहीत. दिवसभर आडवा पडून असतो आणि येईल त्याने त्याचीच सेवा करायची, म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणतात. छाती नीट दोन इंच दाबली की आतून टक् असा आवाज येतो. शेजारचं यंत्र चिठ्ठी काढतं: कार्डाचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा, दाब. चिठ्ठी फाइलला लागली, कार्डावर माझी सही झाली, की माणूस जीव वाचवायला पास. दोन वर्षांसाठी.

गुरुवार, ता. ६

पहिली तुकडी, सहा जणी. सुरुवातीला मी स्वतःच जमिनीवर आडवी होऊन मेल्याचं सोंग घेतलं. खांदे थोपटा, हाक मारा, मदत बोलवा, नाडी बघा, मग छातीच्या मधोमध हात ठेवून दाबा. वॉर्डातली मावशी हाक मारायचं सोडून इतकी हसली की मलाही आवरेना. मेलेलं माणूस पोट धरून हसायला लागल्यावर कसला वर्ग आणि कसलं काय!

नंतर मात्र एकेकीचा घाम काढला. तीस दाब, दोन श्वास, परत तीस. दोघी नापास. रडल्या, तरी नापास. माझी धाकटी बहीण इथेच चार नंबर वॉर्डात नर्स आहे. तिने जेवणाच्या सुट्टीत बातमी आणली की माझं नाव खाष्ट सासू पडलंय. पडू दे. जावईबापू आहेतच, सासूची तेवढी कमी होती.

मंगळवार, ता. ११

मोठ्या बाईंनी, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरच्या बाईंनी, बोलावलं. पंचवीस तारखेला तपासणी. दीडशे जणांच्या कार्डांची मुदत संपलीय आणि मी सहा जणींना दोन दिवस लावते, हे कसं चालायचं? मी म्हटलं, वॉर्डातून माणसं सोडा. त्या म्हणाल्या, माणसं आहेत कुठे सोडायला? मग चहा मागवला आणि माझ्या आधीची प्रशिक्षक किती समजूतदार होती ते ऐकवलं. सगळ्यांच्या नावाने ती स्वतःच पुतळा दाबायची म्हणे. चिठ्ठ्या अगदी सुरेख यायच्या. मी अर्धा चहा टाकून उठले.

शुक्रवार, ता. १४

धाकटी आली. डबल ड्यूटी करून आलेली, डोळे सुजलेले. कार्ड नसेल तर सोमवारपासून वॉर्डात उभं करणार नाहीत असा दम मिळालेला. मी फळ्यावर हार्ट अटॅकच्या खुणा लिहीपर्यंत ही खुर्चीत गाढ झोपली.

लहानपणी तिचा गृहपाठ मीच लिहून द्यायचे, अक्षर तिच्यासारखं काढून. आज तिच्या क्रमांकावर मी दाबलं. टक्, टक्, टक्. चिठ्ठी देखणी आली. सही केली. उठवलं तर म्हणाली, झालंसुद्धा? ताई असावी तर अशी! आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते.

पण बहिणीचं केलं, मग दुसरीला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? संध्याकाळपर्यंत तिच्या वॉर्डातल्या अकरा जणी पास.

बुधवार, ता. १९

आज चाळीस. दार लावून घेते आणि एकटीच दाबत बसते. दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर आंधळ्यालाही कळेल की हात एकच आहे. बघतो कोण? मोठ्या बाईंनी पाठ थोपटली. डावा खांदा भरून आलाय, कळ कोपरापर्यंत उतरते. यजमान म्हणाले, मलम लाव.

शुक्रवार, ता. २१

दीडशे पुरे झाले. सुटले एकदाची! यंत्राचा प्लग काढून वायर गुंडाळत होते, तेवढ्यात यंत्राने चिठ्ठी काढली. प्लग माझ्या हातात होता.

क्रमांक रजिस्टरशी ताडून पाहिला. दोन नंबर वॉर्डातली चष्मेवाली. झोपेत चुकत तर नाही ना, म्हणून तीनदा पाहिलं. तारीख उद्याची. वेळ ११:४०. जागा: वॉर्ड दोन. दाब: शून्य.

यंत्र बिघडलंय. चिठ्ठी चुरगळून टाकली.

सोमवार, ता. २४

शनिवारी अकरा चाळीसला वॉर्ड दोनमध्ये एक गृहस्थ गेले. घरी जायला म्हणून शर्टाची बटणं लावत होते. चष्मेवाली शेजारीच उभी होती. मावशी सांगत होती, पोरगी पलंगाभोवती दोनदा धावली, मग फाइल शोधत बसली. छातीला हात लावलाच नाही. कार्ड गळ्यात लटकत होतं, माझ्या सहीचं.

आज दुपारी दुसरी चिठ्ठी. वॉर्ड पाच, २:१०. धावत मोठ्या बाईंकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी दार लावलं, मला बसवलं, उद्या तपासणी आहे तोपर्यंत तोंड बंद ठेवायला बजावलं. बोलत राहिल्या. मी घड्याळाकडे बघत राहिले. उठून जाता आलं असतं. उठले नाही. दोन दहा वाजले, आणि वरून कोणाचं तरी रडणं आलं.

मंगळवार, ता. २५

तपासणी झाली. साहेबांनी चिठ्ठ्या एकापुढे एक मांडल्या. म्हणाले, वा, काय एकसारखं काम आहे! शाब्बास.

शाब्बास म्हणे. मेल्यांनो, डोळे फुटले का तुमचे? असं मनात म्हटलं. तोंडाने आभार मानले.

सगळ्या वॉर्डांना निरोप धाडले की पुन्हा शिकायला या. एकही आली नाही. खाष्ट सासूच्या अंगात आलंय म्हणतात. ड्रॉवरमध्ये आता सात चिठ्ठ्या. पाच खऱ्या ठरल्यात.

बुधवार, ता. २६, सकाळी

धाकटीची चिठ्ठी.

तारीख आजची. ३:२०. जागा: प्रशिक्षण खोली. दाब: शून्य.

आधी पुन्हा पुन्हा वाचली. मग हसूच आलं. इथे आहे कोण मरायला? पेशंट नाही, पलंग नाही. जावईबापू तर कधीचेच गेलेले! तिला फोन करून माझी शपथ घातली, तीनला ये. कुरकुरली, डबल ड्यूटी आहे म्हणाली, पण येते म्हणाली. आज तिच्याकडून तिच्या हाताने दाबून घेते. दाब शून्य राहतोच कसा बघू.

२:५०

खोली आवरली. सारखा घाम येतोय. खांदा दुखतोय. दाबून दाबून दुसरं काय होणार?

३:०५

धाकटी नाही अजून.

३:१२

टक्.

पुतळ्याला कोणी हात लावलेला नाही. मी टेबलाशी आहे. टक्. टक्. बरोबर माझ्या लयीत —

जबडा दुखतोय. फळ्यावर माझंच अक्षर आहे — डावा खांदा, हात, जबडा, घाम — मीच शिकवते ना हे — बाई गं —

३:१७

खाली पडले. फोन टेबलावर राहिला. आवाज फुटत नाही. पेन चालतंय. टक् टक् टक् — त्याचं छान चाललंय —

३:१९

आली. धाकटी आली —

हसतेय. सोंग वाटतंय तिला. ताई, पुरे झालं, ऊठ, म्हणते — माझं कार्ड झालंय ना, म्हणते —

खुर्ची ओढली. पाच मिनिटं पडते म्हणते. डोळे मिटले —

टक् थांबलं —

धाकटे, सोंग नाही गं — खांदे थोपट — हाक मार — छातीच्या मधोम